चित्रकार चित्र का काढतो?

(हैदराबाद येथे स्थायिक झालेल्या आपल्या महाजन कुटुंबांच्या स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 गावापासून इतक्या दूर, मुशी नदीच्या काठच्या या शहरात, आपल्या देवस्थानाच्या महाजनांची इतकी कुटुंबे एका छताखाली जमलेली पाहून मन भरून आले. पोटापाण्यासाठी आपण चहूकडे विखुरलो, तरी पालखीचा दिवस आणि जत्रेची तिथी कोणी विसरलेला नाही, ही श्रींचीच कृपा होय.

चित्रकाराला चित्र काढण्याची प्रेरणा कोठून मिळते, हा विषय आपण मजकडे सोपविला आहे. एखाद्या कलावंताकडे तो सोपविला असता तर अधिक शोभले असते. लिसेंवात असताना 'देसेन्यु', म्हणजे चित्रकला, हा विषय आम्हांला होता. मास्तर टेबलावर प्लास्टरचे एक पान ठेवीत आणि आम्ही तासभर त्याच्या कडा गिरवीत असू. माझे चित्रकलेचे शिक्षण तेवढेच. पुढचे सारे आयुष्य कचेरीत, आवक-जावकाच्या नोंदी करण्यात गेले. तथापि एक गोष्ट कबूल केली पाहिजे. नव्या वर्षाची नोंदवही उघडली की तिच्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यात मी शाईने लहानशी वेलबुट्टी काढीत असे. ती काढावी असे कोणा साहेबाने सांगितले नव्हते, तिच्यामुळे पगारात एक पैसाही वाढला नाही, आणि वर्ष संपल्यावर ती वही दप्तरात बांधली जाई ती कायमचीच. मग मी ती का काढीत होतो? या क्षुल्लक प्रश्नाच्या दाराने आपण आजच्या विषयात शिरू.

चित्रकार चित्र का काढतो, असे विचारले असता लोक सामान्यतः तीन उत्तरे देतात. कोणी म्हणतो, पोटासाठी. कोणी म्हणतो, कीर्तीसाठी. आणि आपल्यासारखे देवस्थानाशी नाते असलेले लोक म्हणतात, भक्तीसाठी. तिन्ही उत्तरांत तथ्य आहे. परंतु ती पुरी पडतात काय, हे पाहण्यासाठी फार लांब जावयास नको. याच शहरात बाग-ए-आम या सार्वजनिक उद्यानात राज्य पुरातत्त्व संग्रहालय आहे, आणि तेथे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती आहेत. मुलाकडे राहावयास आलो की माझ्या कित्येक सकाळी तेथे जातात.

अजिंठा आज महाराष्ट्रात असला तरी १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यात होता आणि त्याच्या रक्षणाचा भार हैदराबादच्या पुरातत्त्व खात्यावर होता, हे नव्या पिढीतील अनेकांना ठाऊक नसते. त्या लेण्यांचे दोन कालखंड आहेत. पहिला इसवी सनाच्या पूर्वीचा, आणि दुसरा पाचव्या शतकातील, वाकाटकांच्या वेळचा. डोंगर कोरून आत भिंत तयार झाली की तिच्यावर माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून गिलावा चढवीत. त्यावर चुन्याचा पातळ थर देत आणि मग चित्र रंगवीत. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ आणि चुना हे रंग जवळपासचे होते. निळा रंग तेवढा लाजवर्दाच्या दगडाचा, म्हणजे फार दूरच्या मुलखातून आलेला.

आता यातील एक गोष्ट महाजनांनी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. सोळाव्या लेण्यात शिलालेख आहे. त्यात वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचे दातृत्व नोंदलेले आहे. सव्विसाव्या लेण्यातील लेखात बुद्धभद्र या भिक्षूचे नाव आहे. देणगीदारांची नावे दगडात कोरली गेली, जशी ती आपल्या सभामंडपातील संगमरवरी पाट्यांवर कोरली जातात. परंतु पहिल्या लेण्यातील पद्मपाणी ज्याने रंगविला, त्या मनुष्याचे नाव कोणत्याही भिंतीवर नाही. कीर्ती हेच जर चित्रकाराचे इंधन असते, तर अजिंठ्याची भिंत कोरीच राहावयास हवी होती.

मग पोटासाठी म्हणावे काय? त्या कारागिरांना मजुरी मिळत असणार, यात संशय नाही. भक्तीही असणार. परंतु दुसऱ्या लेण्यात हंसांची एक पंक्ती रंगविलेली आहे. त्यातील प्रत्येक हंसाचा डौल वेगळा आहे. कोणी मान वळवून मागे पाहतो, कोणी पंख फुलवितो. एकच हंस काढून त्याचीच पुनरावृत्ती केली असती तरी मजुरी कमी झाली नसती, आणि अंधाऱ्या लेण्यात दिव्याच्या उजेडात वंदनेला येणाऱ्या भिक्षूच्या भक्तीलाही बाधा आली नसती. असे असता त्या मनुष्याने प्रत्येक हंस निराळा का केला? मला वाटते, त्याने कोठल्या तरी तळ्याकाठी हंस पाहिले होते. ते जसे दिसले तसे आपल्याबरोबर नाहीसे होऊ नयेत, एवढीच त्याची तळमळ होती.

ही तळमळ मनुष्यजातीइतकीच जुनी असावी. स्पेन देशात आल्तामिरा नावाची गुहा आहे. १८७९ साली दोन मार्सेलिनो सांझ दे साउतुओला हे सद्गृहस्थ तिच्यात जमीन उकरून जुनी हत्यारे शोधीत होते. त्यांची लहान मुलगी मारिया बरोबर होती. वडील खाली पाहत होते, मुलीने वर पाहिले आणि छतावर रंगविलेले रानबैल प्रथम तिला दिसले. आदिमानव इतके सुंदर चित्र काढील, हे विद्वानांना पटेना. त्यांनी साउतुओलांवर लबाडीचा संशय घेतला. १८८८ साली ते वारले, आणि त्यांचे म्हणणे खरे असल्याची जाहीर कबुली १९०२ साली आली. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराला लिहिता येत नव्हते, नाणे ठाऊक नव्हते, आणि त्याचा देव कोणता हे आपण जाणत नाही. परंतु रानबैलाच्या पाठीचा बाक त्याने डोळे भरून पाहिला होता, एवढे छताकडे पाहताच कळते.

येथपर्यंत मी पाहणाऱ्याबद्दल आणि पाहिलेले जपण्याबद्दल बोललो. परंतु हे उत्तर अर्धेच आहे. उरलेले अर्धे मला अजिंठ्याच्या प्रतिकृतींनी शिकविले.

१८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली आणि जगाला त्यांची पुन्हा ओळख झाली. १८४४ पासून रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे तेथे राहून प्रतिकृती केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२ पासून पुन्हा काम केले. त्यांच्याही पुष्कळ प्रतिकृती १८८५ साली लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. दोनदा अग्नीने गिळलेले काम तिसऱ्यांदा कोण करील? पण १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम या बाई थंडीच्या दिवसांत अजिंठ्यास मुक्काम ठोकून राहिल्या. त्यांच्या साहाय्यास कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी तरुण आले आणि हैदराबादेहून सय्यद अहमद व मुहम्मद फजलुद्दीन हे दोघे आले. सय्यद अहमद पुढे अजिंठ्याचेच होऊन राहिले. निजाम सरकारच्या खात्यातर्फे लेण्यांची देखभाल त्यांच्याकडे आली. १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ बोलावून खात्याने सुटू लागलेला गिलावा पक्का करून घेतला. बागेतील संग्रहालयात सय्यद अहमद यांच्या हातच्या प्रतिकृती आपण पाहतो.

हे गृहस्थ मुसलमान, चित्रे बौद्धांची, राज्य निजामाचे, आणि डोंगर आपल्या मराठी मुलखातला. दुसऱ्याने रंगविलेली रेष तशीच्या तशी उतरून घेण्यात स्वतःची कीर्ती ती किती? तरीही त्यांनी ते केले. ज्याने हंस पाहिला त्याने तो आपल्यासाठी ठेवला. ज्याने तो चित्रातला हंस पाहिला, त्याला तो पुढच्यांसाठी ठेवावासा वाटला. म्हणून मी म्हणतो की प्रेरणेचे अर्धे मूळ चित्रकाराच्या डोळ्यांत असते, आणि अर्धे कोणीतरी आपले चित्र पाहील या भरवशात असते. भिंत टिकली म्हणून नंदलालांना पाहावयास मिळाले. आणि नंदलाल पाहून गेले त्याचे फळ आपल्या गोमंतकापर्यंत पोहोचले, ते कसे ते सांगतो.

तिसवाडीतील जुवें, ज्याला सांत इस्तेव म्हणतात, त्या बेटावर १९०२ साली आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म झाला. ते शांतिनिकेतनास गेले. तेथे अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस हे त्यांचे गुरू. अजिंठ्याच्या रेषेचा संस्कार घेऊन हा किरिस्तांव तरुण गोव्यास परतला आणि त्याने साडी नेसलेली, आपल्या मुलखातील स्त्रीसारखी दिसणारी मारिया माता रंगविली. त्याच्या स्वतःच्या धर्मबांधवांतील अनेकांना ती रुचली नाही. अखेर त्यांनी गोवा सोडला आणि पुण्यातील एका ख्रिस्ती आश्रमाचा आश्रय घेतला. १९६७ साली ते पुण्यात निवर्तले. तोवर ते तशीच चित्रे काढीत राहिले. आज त्यांची अनेक चित्रे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपलेली आहेत आणि त्याच गोव्यातील माणसे ती अभिमानाने दाखवितात. त्यांच्या हयातीत त्यांना पाहणारे थोडे मिळाले. पण पुढे कोणीतरी पाहील, हा भरवसा त्यांनी सोडला नाही.

याच संदर्भात हैदराबादची आणखी एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. तान्हेपणीच त्यांची आई गेली. तिचे एकही छायाचित्र मागे राहिले नाही. चेहरा कोराच ठेवलेल्या, लुगडे नेसलेल्या स्त्रिया त्यांनी जन्मभर रंगविल्या, त्यामागे ही न पाहिलेली आई असल्याचे ते स्वतः सांगत. मुंबईस आल्यावर ते पोटासाठी सिनेमाची मोठमोठी फलकचित्रे चौरस फुटाच्या हिशेबाने, काही आण्यांच्या दराने रंगवीत. पुढे नाव झाले, धनिकांच्या दिवाणखान्यांत चित्रे लागली. त्या सुमारास येथील बद्रीविशाल पित्ती यांच्या घरी डॉक्टर राममनोहर लोहिया त्यांना म्हणाले की, टाटा-बिर्लांच्या दिवाणखान्यांतून बाहेर पडा आणि रामायण रंगवा. ही आठवण हुसेन यांनीच सांगितली आहे. लोहिया १९६७ साली वारले. त्यानंतर हुसेन यांनी पित्तींच्या आश्रयाने काही वर्षे खपून रामायणावर सुमारे दीडशे चित्रे केली. त्यासाठी वाल्मीकी आणि तुलसीदास वाचले, पंडितांशी चर्चा केली. ती चित्रे बैलगाडीत घालून हैदराबादच्या आसपासच्या खेड्यांत नेली असता, हे काय आहे असे कोणीही विचारले नाही. रामाची कथा सर्वांना ठाऊकच होती, असे ते सांगत.

पुढे १९९६ पासून त्यांनी काढलेल्या देवींच्या काही चित्रांवरून मोठा क्षोभ उसळला, खटले झाले. २००६ साली त्यांनी देश सोडला. २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने खटले रद्द केले, तरी ते परतले नाहीत आणि २०११ साली लंडनमध्ये वारले. या सभेत त्या चित्रांनी मनापासून दुखावलेले लोक असतील, आणि त्यांचे दुःख खोटे आहे असे मी म्हणणार नाही. त्या वादाचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. मला येथे सांगावयाचे आहे ते एवढेच की, ज्या हाताला दिवाणखान्यांतून दाम मिळत होते, त्याला खेड्यातील पाहणारा हवासा वाटला. आपण कोणासाठी चित्र काढतो, हा प्रश्न त्याला कोणीतरी विचारला आणि त्या प्रश्नानेच दीडशे चित्रे करविली.

आता मी आपल्या घरी येतो, आणि येथे मला थोडे अवघड वाटणार आहे.

आपल्या गोव्यात आणि कारवारच्या किनाऱ्यावर देवळांच्या भिंतींवर कावी नावाची कला होती. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा पातळ थर चढवावयाचा, आणि तो ओला आहे तोवर लोखंडी कंट्याने रेषा खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करावयाचा. मग गुळगुळीत गोट्याने भिंत घोटावयाची. थर वाळला की हात थांबला, म्हणून जे मनात आहे ते त्या दिवशीच उतरले पाहिजे. चुना हळूहळू हवेतील कर्बवायू शोषून दगडासारखा होतो. म्हणूनच पाऊस आणि खारे वारे सोसूनही जुन्या कावीची रेष पिढ्यान्‌पिढ्या राहिली. कारवार-होन्नावर भागातील या भिंतींची छायाचित्रे आणि माहिती डॉ. कृष्णानंद कामत यांनी चिकाटीने गोळा केली, तेव्हा कोठे पुष्कळांना कळले की आपण काय गमावीत आहोत.

आपल्या अग्रशाळेच्या ओसरीच्या भिंतीवरही कावी होती, हे सभेतील ज्येष्ठांना आठवत असेल. वर देवतांच्या आकृती, मध्ये पालखीची मिरवणूक, खाली वेलपत्ती. आणि अगदी खाली, मिरवणुकीच्या पायांशी, लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, पाठ वाकवून बसलेले एक मांजर होते. देवतांच्या आकृती महाजनांनी सांगितल्या असतील, पालखीही त्यांनीच सांगितली असेल. पण हे मांजर कोणी सांगितले होते? बाळपणी आरतीच्या वेळी माझे अर्धे लक्ष त्या मांजराकडे असे, आणि त्याबद्दल मी आईचे बोलणेही खाल्ले आहे. तो कारागीर काम करीत असता अग्रशाळेत कोणते तरी मांजर येऊन बसले असावे आणि त्याला ते ठेवावेसे वाटले असावे, असे मी आज समजतो.

पुढे मोठा झाल्यावर मी आपल्या समितीचा चिटणीस होतो. ओसरी स्वच्छ राहावी, धुता यावी, म्हणून भिंतीस छातीइतक्या उंचीपर्यंत चकचकीत लाद्या बसवाव्या आणि वरच्या भागास तैलरंग द्यावा, असा ठराव झाला. सर्वांचा हेतू चांगला होता. कोणाचा विरोध नव्हता. त्या ठरावाचे इतिवृत्त माझ्या हस्ताक्षरात आहे. कामाच्या दिवशी मी हिशेबासाठी तेथे उभा होतो. गवंड्याने थापी खाली ठेवली, त्या कोपऱ्याकडे पाहिले आणि मला विचारले, "बाब, हें माजर दवरूं?" मी हातातील कागद पाहिला आणि म्हणालो, "ठरावात तसे नाही."

त्या गवंड्याला लिहितावाचता येत नव्हते. त्या भिंतीसमोर त्या दिवशी खऱ्या अर्थाने पाहणारा तो एकच मनुष्य उभा होता. ज्याने नोंदवहीच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे वेलबुट्ट्या काढल्या, त्या मलाच तेवढी दृष्टी त्या दिवशी राहिली नाही. अजिंठ्याच्या हंसांपुढे प्रथम उभा राहिलो तेव्हा मला ते मांजर आठवले आणि बराच वेळ पुढच्या दालनात जाता आले नाही.

पूर्वी देवळे कावी काम करणाऱ्यांना बोलावीत, त्यांनी केलेले जपत आणि त्यांच्या मुलांना पुन्हा बोलावीत. जेव्हा आपण त्या भिंतींवर रंग फासू लागलो, तेव्हा आपण त्या कारागिराच्या मुलाला न बोलताच सांगितले की, तुझ्या बापाने केलेले पाहणारा येथे कोणी नाही. मग त्या मुलाने हाती कंटा का धरावा? कलावंतांची प्रेरणा आटली अशी खंत सभांतून नेहमी ऐकू येते. ती आटण्यास पाहणारेही कारण असतात, आणि त्या पाहणाऱ्यांत मी होतो.

बंधुभगिनींनो, देवस्थानाच्या जीर्णोद्धाराचा प्रस्ताव आपल्यापुढे येत आहे. त्यास माझा मनःपूर्वक पाठिंबा आहे. माझी विनंती एवढीच आहे. अग्रशाळेच्या मागील दाराच्या वर हातभर रुंदीची कावीची पट्टी अजून शिल्लक आहे. ठराव करण्यापूर्वी तिची नीट छायाचित्रे घ्यावी. तिच्यावर सिमेंट वा तैलरंग चढवू नये, कारण त्याने ओल आत कोंडते आणि खालचा चुना सुटू लागतो. चुन्याचे काम जाणणाऱ्या माणसास दाखवून मगच हात लावावा. आणि हे सारे ठरावातच लिहावे, म्हणजे माझ्यासारख्या एखाद्या चिटणिसाला कागदाचा आधार घेऊन दुसरे उत्तर देता येणार नाही. सुटीत गावी जाल तेव्हा मुलांना त्या दारापाशी न्या आणि वर पाहावयास सांगा.